दातांच्या डॉक्टरणीला साखरेचं मागणं

"काढून टाका, डॉक्टर!"

गाल धरून आलेला तो उंच माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला. माझं डोकंच फिरलं. आमच्या सेफ्रू गावात कुणीही येवो, दात काढायलाच येतं. रोज घासायला नको, वेळेवर दाखवायला नको... फक्त उपटायचा!

"काढणार नाही. वाचेल तो दात."

"बाजारात बसणारा दातवाला एका झटक्यात काढेल."

"मग जा ना तिकडे!"

तो गेला नाही. झुहैर त्याचं नाव, सुतारकाम करायचा. मी कीड कोरून दात भरला आणि दोन्ही वेळा घासायची तंबी दिली. पुढच्याच आठवड्यात स्वारी पुन्हा हजर.

"आता काय दुखतंय?"

"काहीच नाही. दुखल्याशिवाय कुणी येत नाही म्हणून तुम्हीच ओरडता ना... म्हणून आलो."

मी चिडले, पण हसू काही आवरेना. तो येत राहिला, मी वाट बघत राहिले... प्रेमात पडले, आणखी काय!

मग एका दुपारी त्याला घेऊन त्याची आई, हनियामावशी, रीतीप्रमाणे मागणी घालायला आमच्या घरी आली. तबकात निळ्या कागदातल्या साखरेच्या उंच ढेपी.

"साखर? दिवसभर मी पोरांचे काळे पडलेले दात कोरायचे, मावशी, आणि माझ्याच घरात—"

"साखर परत केली की नकार समजतात," झुहैर पुटपुटला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

मावशी उठल्याच. "चल रे. आपली साखर हिला चालत नाही."

रागाच्या भरात मी त्यालाच घालवून बसणार होते! दाराशी त्यांना अडवलं, तेव्हा कुठे लक्षात आलं... मावशी बोलताना डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडावर धरत होत्या.

"तोंड का झाकता?"

"काय उरलंय तिथं बघण्यासारखं? दर बाळंतपणाला एक दात गेला. सगळ्या म्हणाल्या, बाईचं असंच असतं."

"असंच असतं? कोण म्हणालं असं!" माझा आवाज चढला. "काही असंच नसतं! उरलेले मी वाचवणार. साखर राहू दे इथंच... पण आत्ता मला दात दाखवा."

"आधी हो म्हण."

"हो! हो म्हणतेय ना!"

झुहैर भिंतीला टेकून हसत सुटला. मावशींनी रुमाल खाली घेतला आणि दारात उभ्या उभ्याच तोंड उघडलं.