नाव राहिले आहे का?

जिम्बोचो या पुस्तकांच्या पेठेतल्या त्या करीच्या दुकानात दुपारी जागा मिळत नाही, म्हणून मला एका अनोळखी माणसासमोर बसवलं. बाहेर पाऊस पिरपिरत होता. माझ्या छत्रीचं पाणी त्याच्या बुटावर गळत होतं, पण त्याचं लक्षच नव्हतं. पुढ्यात छापखान्याची कच्ची पानं पसरून तो पेन्सिलीने कडेला काहीतरी लिहीत होता.

मी उलटं वाचलं. वाक्य माझं होतं: भावाने बहिणीच्या सायकलची हवा काढली.

‘लेट डाउन’. इंग्रज माणसं दोन चिमुकले शब्द जोडतात आणि त्यातच केस मोकळे सोडतात, फ्रॉकची शिवण उसवून लांबी वाढवतात, चाकातली हवा काढतात, माणसाला ऐनवेळी तोंडघशी पाडतात. जपानीत चारही ठिकाणी क्रियापद वेगळं. अशा शेकडो जोड्या मी चार वर्षं एका कोशासाठी जपानीत आणत होते, हॉटेलच्या काउंटरवर उभ्याने शिकलेल्या इंग्रजीच्या जोरावर. कोशावर नाव मात्र हाताकेयामा सेन्सेईंचं, म्हणजे आमच्या नामवंत गुरुजींचं. रीतच आहे आमच्याकडे. कच्चा अनुवाद करणारीने राबायचं, सेन्सेईंनी चार स्वल्पविराम हलवायचे, आणि तिने कुठे ब्र काढायचा नाही.

मी ब्र काढला.

“त्या वाक्यात काय खुपलं तुम्हाला?”

त्याने पानं झाकली. “माफ करा, हे अजून छापलेलं नाही...”

“ठाऊक आहे. बहिणीच्या सायकलची हवा काढणारा तो भाऊ माझाच आहे. मी लिहिलंय ते.”

त्याच्या चष्म्यावर करीची वाफ धरली होती. त्याने तो काढला आणि माझ्याकडे बघतच राहिला. “म्हणजे... सेन्सेईंनी नाही?”

“सेन्सेईंना सायकल येत नाही.”

“सुटलो,” तो म्हणाला. “तीन महिने वाचतोय. पुढची पानं कधी येतात म्हणून वाट बघतोय. मला वाटलं, मी बहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडलो.”

मला हसू आलं... गिळलं. संतापलेली असताना हसवणारा माणूस मला खपत नाही.

त्याचं नाव कुरोसे. मुद्रितं तपासणं हा त्याचा धंदा. त्यांचा एक नियम आहे: शंका आली की पेन्सिलीने कडेला नम्रपणे विचारायचं, आणि प्रकाशकाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचंच. दर गुरुवारी आम्ही तिथेच भेटू लागलो. तो आपल्या लोणच्याची वाटी न बोलता माझ्याकडे सरकवायचा.

“चिडल्यावर तुम्ही जास्त खाता, त्सुजीसान.”

“मग रोजच जास्त खाते.”

“माझ्या लक्षात आलंय...”

पहिला खंड छपाईला जायची वेळ आली, तेव्हा त्याने मुखपानाच्या कडेला लिहिलं: ‘अनुवाद त्सुजी चिहारु यांचा आहे. नाव राहिले आहे का?’ पान परत आलं. लाल शाईत: ‘आहे तसेच ठेवावे.’ त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा प्रकाशकाने त्याच्याकडून काम काढून घेतलं.

हे मला त्याने दुकानाबाहेर, फुटपाथवर, पावसात छत्री उघडत सांगितलं. मी त्याच्यावरच उखडले.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला? भांडण माझं होतं.”

“चूक दिसली की विचारायचं, एवढंच माझं काम. ती चूक होती.”

“आणि काय उपयोग झाला?”

“काहीच नाही,” तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

दुसऱ्या खंडाची पानं माझ्या पिशवीत होती, त्याच दिवशी द्यायची होती. मी तिथूनच संपादकाला फोन लावला. “दोन्ही खंडांवर माझं नाव येणार असेल तर पानं आणते. नाहीतर सेन्सेईंना लिहायला बसवा.”

“असं कोणी करत नाही, त्सुजीसान.”

“मग मी पहिली.”

मी फोन ठेवला.

“छापतील?” कुरोसेने विचारलं.

“माहीत नाही. नाही छापलं तर ही पानंही मिळणार नाहीत. तुम्ही माझं नाव तीनदा लिहिलंत ना? एकदा तोंडाने म्हणा. त्सुजी हे आडनाव सोडून.”

त्याचे कान लाल झाले. आमच्याकडे पुरुष हे सहज म्हणत नाहीत. घरच्यांखेरीज मला त्या नावाने कोणी हाक मारत नव्हतं.

“चिहारु,” तो म्हणाला. मागे आदराचं ‘सान’ही लावलं नाही.

माझा राग तसूभरही उतरला नव्हता. तरी मी त्याच्या छत्रीखाली गेले, आणि चार वर्षांची ती जड पिशवी त्याच्या हातात दिली.

“पुन्हा म्हण,” मी म्हटलं.