बोरी रोडचे शंभर मीटर

माझ्यावर आयुष्यात एकाच पुरुषानं शिट्टी मारली. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. पण पोरींनो, लगेच हसू नका... शिट्टी सरकारी होती.

साल चौऱ्याऐंशी. कापूस वेचणीचे दिवस. मी बोरीच्या दवाखान्यात नर्स होते आणि लुनावर बसून खेड्यापाड्यांतल्या लेकरांना लसी टोचत हिंडायचे. त्या लुनाचा वेग काय सांगावा? एकदा तर माझ्याच सावलीनं मला मागं टाकलं आणि पुढच्या लिंबाखाली जाऊन माझी वाट बघत बसली. खोटं वाटत असेल तर लिंब अजून आहे, विचारा त्याला.

तर अशी मी जिंतूरकडून येते आहे. कापसाच्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरी झुलपं लटकलेली, वारा गार, मी गुणगुणते आहे... आणि एका बाभळीमागून एकदम खाकी कपडे बाहेर आले.

फुर्रर्र!

समोर उंच, सावळा शिपाई. मिशी नुकतीच नोकरीला लागलेली. गळ्यात काळ्या दोरीला सेकंद मोजायचं घड्याळ.

"बाई, पंचेचाळीस."

"वय विचारायची ही कुठली तऱ्हा? मी तेवीस वर्षांची हाय."

तो कानापर्यंत तांबडा झाला. "वय न्हाई... वेग. इथं चाळीसची मर्यादा हाय."

"हवालदार साहेब, ही लुना विहिरीत ढकलली तरी पंचेचाळीसनं खाली जायची न्हाई."

"घड्याळ लबाड बोलत न्हाई, बाई. नाव सांगा."

"पंचफुला. आन् घड्याळाचं?"

"बन्सीधर," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली.

त्यांची रीत अशी. रस्त्यावर चुन्याच्या दोन रेघा, मध्ये शंभर मीटर अंतर. पहिल्या रेघेपाशी म्हातारे दिनकरराव जमादार झुडपात बसून रुमाल हलवायचे, दुसऱ्या रेघेपाशी हा बन्सीधर घड्याळ दाबायचा. नऊ सेकंदांच्या आत जो आला तो चाळीसच्या वर, फाडली पावती.

महिनाभरात बोरी रोडवर पावती न मिळालेलं चाक उरलं नाही. मर्यादेची पाटी होती, पण तिच्यावर कुणीतरी तंबाखूची जाहिरात डकवलेली. आमच्या डॉक्टरांना पावती, घोड्याऐवजी राजदूतवर निघालेल्या नवरदेवाला पावती. गावातल्या सरजाबाईची बैलगाडीसुद्धा धरली म्हणतात. तेव्हापासून तिचे बैल तोऱ्यात साधा कडबा खाईनात. समोरून येणारे एसटीवाले दिवे मारून सावध करायचे. शहाणी माणसं पहिल्या रेघेला खाली उतरायची, स्कूटर ढकलत दुसऱ्या रेघेपार न्यायची आणि पोलिसांना रामराम घालून पुन्हा किक मारायची.

मी मात्र उतरले नाही. मला तीनदा धरलं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम जोर लावला होता का... ते विचारू नका.

दुसऱ्या वेळी तो खोकत होता. धूळ खाऊन खाऊन घसा बसलेला.

"मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा," मी म्हटलं.

"करायलोय की. गुण न्हाई."

"दवाखान्यात या मग."

"डूटी सोडता येत न्हाई." मग पावतीकडं बघत — "तुमी रोज इकडूनच जाता का?"

"पावतीवर ते बी लिहायचं असतं का?"

तिसऱ्या वेळी मी लुना स्टँडवर लावली आणि कमरेला पदर खोचला. "आज पावती नंतर. आधी ते शंभर मीटर मोजून दावा. माझ्या डोळ्यादेखत."

बाभळीखालून त्यानं वीस मीटरची दोरी काढली. पाच दोऱ्या म्हणजे शंभर. पहिल्या रेघेवर खुंटी ठोकली, दोरीचं टोक भक्तिभावानं कपाळाला लावलं आणि म्हणाला, "लाभ."

मग दोरी ताणत गेला, खूण केली. "दोन."

पुन्हा ताणली. "तीन." मग "चार." मग चुन्याच्या दुसऱ्या रेघेवर बरोबर पाय ठेवून, छाती काढून — "पाच! झालं का समाधान?"

मी ओठ दाबून धरले. "तुमचे वडील काय करतात वो?"

"मानवतच्या मोंढ्यात मापाडी हायेत. का?"

"मग एक कुठं गेलं?"

"मापाडी एक म्हणत न्हाईत, सिस्टर. धान्याच्या पयल्या मापाला लाभ म्हणायचं असतं. लहानपणापासून तसंच..."

"ते मला ठाव हाय. पण तुमी लाभ म्हणलात तवा दोरी कुठं होती?"

"कपाळाला," तो म्हणाला.

आणि मग बोटं मोजायला लागला. एक बोट उरलं.

"चारच दोऱ्या, हवालदार. ऐंशी मीटर. बिचारी छत्तीसनं येणारी लुना तुमच्या घड्याळात पंचेचाळीसची होतीय!"

मी हसत सुटले. हसता हसता त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू थांबलं. तो दुसऱ्या रेघेजवळच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसला होता.

"साहेबांनी बजावलंय," तो हळू म्हणाला, "ह्या कामात खोट निघाली तर सेनगावला धाडतो म्हणून."

सेनगाव! तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, पण पार दुसऱ्या टोकाला. दिनकरराव लांब बिडी ओढत होते, त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं.

"मग सांगू नका," मी घाईनं म्हटलं. "उद्यापासून पाच दोऱ्या धरा. मी कुणाला बोलत न्हाई." ज्या पंचफुलाच्या तोंडात कधी तीळ भिजला नाही, ती हे म्हणत होती बरं का.

त्यानं मान वर केली. डोळे असे... बाभळीमागं लपवून ठेवण्यासारखे नव्हते ते.

"जीपवाले व्यंकटराव हायेत ना, त्यांच्या लय पावत्या झाल्यात. गुरुवारी लायसन जायलंय त्यांचं. घरी सहा तोंडं." मग आवाज अजून खाली. "पण सेनगावला बोरी रोड न्हाई, सिस्टर."

वारा सुटला. कापसाचं एक झुलप सुटून त्याच्या टोपीवर बसलं. ते काढायला माझा हात उठला आणि अर्ध्यातच थांबला.

"सांगून टाका," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

गुरुवारी बन्सीधरनं साहेबांपुढं, कचेरीच्या अंगणात दोरी ताणून दाखवली. कपाळाला लावून, लाभ म्हणून, सगळं. साहेब इतके हसले म्हणे की त्यांच्या खुर्चीचा वेत उसवला. मग डोळे पुसून त्यांनी दोन कागदांवर सही केली. एकानं महिन्याच्या साऱ्या पावत्या रद्द. व्यंकटरावांचं लायसन वाचलं. दुसरा कागद सेनगावचा.

शनिवारी तो बोरीच्या स्टँडवर ट्रंक घेऊन उभा. मी लस टोचायला निघाले होते, म्हणजे घरी तसं सांगितलं होतं.

"येतो मग," तो म्हणाला. ट्रंक एसटीत गेली, तो पायरीवर उभा राहिला. आत जाईना, खाली येईना.

"सेनगावला दवाखाना हाय का?"

"आसंल की."

"नर्सची जागा रिकामी हाय का, गेल्या गेल्या बघा. असली तर पत्र टाका."

"आन्... नसली तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. मी लुनाच्या हँडलकडं बघत म्हटलं, "तर तुमच्या आईला विचारा, घरात सुनेची जागा रिकामी हाय का."

एसटी हलली. तो दाराचा दांडा धरून तसाच, तोंड उघडं. गाडी गावाबाहेरच्या वळणाला लागल्यावर त्याला आवाज फुटला.

"हाय! रिकामी हाय!"

तो आवाज पार मानवतपर्यंत गेला असणार. कारण त्यानं अजून पत्रही टाकलं नव्हतं, आणि रविवारी सकाळी त्याची आई, कमलबाई, नारळ आणि चोळीचा खण घेऊन आमच्या दारात हजर होती.