आदिनाथाचे अकरा सेकंद

खोटं वाटंल, पण त्या दिवशी लातूरच्या स्टुडिओतलं घड्याळ माझ्या धाकानं थांबलं व्हतं!

मी अन् माझा नातू आदिनाथ, नायगावहून तीन यष्ट्या बदलून भांडायलाच गेलतो. आमच्यात लग्नात मानाच्या माणसाला टॉवेल-टोपी देतेत. नातीच्या, आदिनाथच्या बहिणीच्या, लग्नात माझ्या पोराला, मन्मथला, म्हंजे तिच्या सख्ख्या मामाला, दिली. अन् स्टुडिओच्या व्हिडिओत तेवढंच कापलेलं! मामा रुसून बसला.

दार ढकललं. काम्पुटरपुढं एक पोरगी, उर्वी. वळून बघितलं तिनं, अन् बघतच राहिली.

"तुम्ही... आदिनाथ!"

"वळखता?"

"दोन महिने तुम्हालाच बघतेय ना..." तिनं जीभ चावली. "म्हंजे... व्हिडिओत. खोटं बोलताना कानाची पाळी धरता तुम्ही."

भांडाया आलेलं पोरगं! कानाकडं निघालेला हात तसाच हवेत.

"टोपी जोडून देते आजी, चूक माझीच," ती म्हनली. "पण आधी एक बघा. मुंबईत एक बाई सिनेमाचं एडिटिंग करतात, त्यांना हाताखाली एकच माणूस पाहिजे. मी तुमच्या घरच्या लग्नाची सात मिनिटांची फिल्म केलीय. घरच्यांच्या सहीनं, आज पाच वाजायच्या आत पाठवायची."

साडेचार झालते.

फिल्म लागली. नवरीची गाडी गेली, मांडव रिकामा... अन् मागं खुर्च्यांच्या आड आदिनाथ, आहेराचा उरलेला टॉवेल तोंडात कोंबून हमसून हमसून रडतोय!

"किती येळ हाय हे?" त्यानं इचारलं.

"अकरा सेकंद."

"अकरा! काढा. पोरं पारावर बसू देणार न्हाईत मला."

"कात्री सगळ्यांकडंच असते हो," ती हळू म्हनली. "माणूस काही लपवायला लागला की मी कापत नाही... थांबते. मला तेवढंच येतं. तेवढ्यावरच मुंबईला जायचंय."

"काढा म्हनलं ना!"

तिचे डोळे भरले. चोरून पाठवली असती तर आम्हाला काय कळणार व्हतं? पण तिनं खरंच काढलं. अन् परत दाखवलं. गाडी गेली, मांडव रिकामा, संपलं.

"ही कुणाची पोरगी गेली गं?" म्या इचारलं. "रडाया कुणीच न्हाई तिला?"

आदिनाथनं वर बघितलं. घड्याळात पाचला दहा कमी.

"ठेवा ते," तो म्हनला.

"लाज वाटेल तुम्हाला."

"न्हाई वाटत." हात गेलाच कानाला!

ती हसली. "वाटतेय."

"वाटू द्या. ठेवा... आन् सही कुठं करू ते सांगा."

सही झाली, फिल्म मुंबईला निघाली. पडद्यावर निळी रेघ गोगलगायीवानी सरकाया लागली. पाचला दोन कमी, रेघ अर्ध्यावर! उर्वी नख खातेय, आदिनाथ तिच्या खुर्चीची पाठ गच्च धरून उभा. म्या घड्याळाकडं असा डोळा वटारला, काटा जागीच थिजला! रेघ पुरी झाली तवाच सोडला त्याला.

टोपी जोडली. मन्मथ निवला. अन् वीस दिवसांनी उर्वीला मुंबईचं बोलावणं आलं.

लातूरच्या ठेसनावर आदिनाथ तिची बॅग धरून उभा. मी बाकड्यावर, दोघांकडं अर्धी पाठ करून, कान अन् एक डोळा तिकडं.

"जा मग," तो म्हनला. "आमचं काय... करमंल आम्हाला."

हात कानाला.

पोरगी गाडीकडं वळली न्हाई. थांबली. गाडीनं शिट्टी दिली, तरी थांबली. मी मोजाया लागले... सात, आठ, नऊ, धा...

अकराला त्याचा हात खाली आला.

"न्हाई करमायचं," तो म्हनला. "रविवारी... येऊ का मुंबईला?"

"ये," ती म्हनली. पहिल्यांदा 'तुम्ही' सोडून. मग त्याच्या कानाशी वाकून, "आजीला आणू नको."

ते काय म्या ऐकलं न्हाई. तिकिटं दोन काढायला लावली.