शंभूचं फोल्डर

"हसायचं ते आताच हसून घ्या," सखारामकाकांनी सोप्यावर जमलेल्या पोरांना बजावलं. "ही आमच्या पाळी गावच्या प्रवीणची गोष्ट. यंदाची पौष अमावास्या, रविवारची रात्र."

प्रवीण पेडण्याला गेला होता, एका संस्थेच्या खोलीभर नव्या कॉम्प्युटरांवर लिनक्स ही सिस्टीम टाकायला. सोमवारी उद्घाटन. काम झालं नाही तर नोकरी गेली, असं मालकानं तोंडावर सांगितलेलं, आणि घरी प्राजक्ता, त्याची बायको, पोटुशी.

काम तसं आपोआप चालतं. सगळ्या सेटिंग्जचं एक फोल्डर मुख्य मशीनवर ठेवायचं. लिनक्स चढताना त्याची नक्कल प्रत्येक मशीनवर जाते. ते नव्यानं करायला फार वेळ गेला असता. म्हणून प्रवीणनं शंभूचं तयार फोल्डर उचललं. शंभू त्याच्या आधी हेच काम करणारा माणूस, गणेशचवथीच्या सुमारास अपघातात गेलेला. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत मेलेल्याच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. पण फोल्डर ही काय वस्तू झाली? प्रवीणनं शंभूचं नाव पुसलं, त्या जागी आपलं घातलं आणि काम सुरू केलं.

पहिलं मशीन तयार झालं. पडद्यावर नाव आलं, शंभू.

कुठंतरी राहिलं असेल, म्हणून त्यानं फोल्डर पुन्हा तपासलं. सगळीकडे प्रवीणच होता. दुसरं मशीन. शंभू. तिसरं... शंभू.

त्यानं मुख्य मशीनची वायर उपटली.

नक्कल चालूच राहिली.

"कोण आसा?" प्रवीण ओरडला.

खोलीभर पडद्यांवरचं नाव एकदम बदललं. प्रवीण. प्रवीण. प्रवीण. हवं होतं तसंच काम झालं होतं. पण तो जाम घाबरला होता. तो पळाला.

मोटारसायकल कशी हाकली, डिचोली कधी मागं पडली, त्याला आठवत नाही. प्राजक्तानं दार उघडलं आणि ती तिथंच थिजली.

"तुमी... भायर कशे?"

"आत्ताच येतंय गो."

"मगाशीच इल्यात न्हय? जेवल्यात. माझ्या पोटावर हात ठेवून... निजल्यात."

दोघं खोलीच्या दाराशी गेली. आत काळोख. प्रवीणनं दिवा लावला. अंथरुणावर कोणी नव्हतं.

खुंटीवर त्याचा निळा शर्ट टांगलेला होता, खिसा उसवलेला.

तोच शर्ट, उसवलेल्या खिशासकट, त्याच्या अंगातही होता.