दाराशी थांबलेली गोष्ट

आटपाट नगर नव्हतं ते. तीन मजली इमारत होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर तिघीजणी राहत होत्या. एक आजी, एक तिची सून आणि एक नात. नात सहा वर्षांची, पण रुसायला बसली की तिघींत तीच थोरली. चौथा माणूस खुंटीवर होता. म्हणजे त्याचा कोट होता. तो आजीचा मुलगा. परमुलखात बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात कामाला आला, तिथलीच मुलगी केली, संसार मांडला आणि छातीच्या दुखण्यानं गेला. आजीला कळलं तोवर सगळं उरकलं होतं. सुनेला कामावर जाणं भाग. ती इस्पितळात रोग्यांच्या चादरी बदलायची. पोरीजवळ कोणीतरी हवं म्हणून तिनं सासूला बोलावून घेतलं.

आजी आली, पण भाषा कुठं आली?

सुनेला आजीच्या भाषेतलं ‘आई’ येत होतं, ‘जेवा’ येत होतं आणि ‘नको’. एवढ्यावर सासूसुनांचं भांडणसुद्धा होत नाही. नातीला तेवढंही येत नव्हतं. ती बाबाच्या कोटाखाली बसून आजीकडं टुकुटुकु बघायची. एकदा तिनं कोटाकडं बोट दाखवून काहीतरी लांबलचक विचारलं. आजी नुसती हसली. पोरीनं पुन्हा विचारलं, मग पाठ फिरवली. ती पाठ आजीच्या जिव्हारी लागली. आपल्या मुलाबद्दल जगात कोणीतरी विचारतंय आणि आपल्याला उत्तर देता येऊ नये!

आजी लिहायला वाचायला शिकलेली नव्हती, पण गोष्टी तिच्या पोटात मावत नव्हत्या. मुलगा लहान असताना मांडीवर डोकं ठेवून ऐकायचा. त्यांच्या घरची रीतच होती, गोष्ट ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं, पोर झोपलं असं समजायचं. बाकीची मुलं एकदा ‘हं’ म्हणत. हा उतावळा दोनदा म्हणायचा, ‘हं-हं’, जोडून, जसं काही सांगणारीला मागून ढकलतोय.

तळमजल्यावर एक न्हावी होता, आपल्याच भाषेचा. हजामती करून करून सगळी इमारत त्याच्या ओळखीची झाली होती. सुनेला सासूशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ती त्याला वर बोलवायची. एक दिवस ती बोलली आणि तो वस्तऱ्याचं फडकं हातात चुरगाळत उभा राहिला.

“काय म्हणतेय ती?” आजीनं विचारलं.

“मावशी, मनाला लावून घेऊ नका. परवा पोरीला ताप चढला तर तुम्हाला शेजारी कोणाला सांगता आलं नाही. ती म्हणते, थंडी सरेपर्यंत बघू. नाहीतर पोरीला ती बहिणीकडं पाठवणार. आणि तुम्हाला... तुमच्या घरी.”

“माझ्या घरी कोण आहे रे?”

न्हाव्यानं हे काही सुनेला सांगितलं नाही.

नव्या लोकांसाठी भाषेचा वर्ग होता. आजी गेली. फळ्यावरची अक्षरं बघितली की तिच्या डोळ्यांपुढं मुंग्या यायच्या. बाईंनी काही विचारलं की ती पदर सावरत बसायची. परत आली ती थेट न्हाव्याच्या खुर्चीत बसली.

“दाढी करू का?” तो म्हणाला.

“माझी मान काप. ह्या डोक्यात काही शिरत नाही.”

“मावशी, मी कुठं वर्गात गेलो? गिऱ्हाइकं बोलायची, मी ऐकायचो. हात कामात, कान मोकळे. समजायची धडपड करू नका. पोरं कशी शिकतात? आडवी पडून गोष्टी ऐकतात. तसं पडा नि ऐका. येईल तेव्हा येईल.”

“मला कोण गोष्टी सांगणार मेल्या?”

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

पण सांगणारं होतं.

दुपारी कामं आटोपून आजी नातीच्या खोलीत भिंतीला लागून पाठ टेकायची. पलीकडं शेजारचं बिऱ्हाड. बाहेर बर्फ पडत असायचं, त्यामुळं रस्त्याचाही आवाज नाही. अशा एका दुपारी भिंतीतून बाईचा आवाज आला. हळू, घोटलेला, एका लयीत. शब्द एकही कळेना, पण आजीनं आवाजावरूनच ओळखलं, पोराला गोष्ट सांगतेय ही. ‘एक होती’ला आवाज कसा बसतो, भीती आली की कसा लहान होतो, ते सगळ्या भाषांत सारखंच. आजीनं डोळे मिटले.

आवाज एका जागी आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. पलीकडचं पोर हुंकार देईना.

आजीला राहवलं नाही. सवयच ती.

“हं,” ती म्हणाली.

भिंतीपलीकडं श्वास अडकल्यासारखं झालं. मग आवाज पुन्हा सुरू झाला, आता अगदी जवळून. भिंतीला तोंड लावल्यासारखा.

मग रोज दुपारी तेच. गोष्टही तीच. आजी आडवी पडायची, मध्ये मध्ये हुंकार द्यायची. आधी ‘दार’ कळलं, कारण त्याच्याआधी ती बाई भिंतीवर टकटक करायची. मग ‘ये’. मग ‘थंडी’, ‘लाकडं’, ‘आई’. अर्थ समजून घ्यायला आजी कुठं गेलीच नाही. पाणी मुरतं तशी ती भाषा तिच्या अंगात मुरत गेली. एक दिवस तिला अख्खी गोष्ट कळली.

आई रानात लाकडं आणायला जाते. पोरीला सांगते, मी हाक मारीपर्यंत दार उघडू नको हं. मग वारा येऊन हाक मारतो, पोर उघडत नाही. लांडगा येतो, पोर उघडत नाही. शेवटी आई येते, दाराशी उभी राहते, हाक मारते...

इथं ती थांबायची. रोज इथंच. आजीनं हुंकार दिला की पुन्हा पहिल्यापासून.

“तिनं दार उघडलं का?”

आजी दचकली. नात पलंगावरून विचारत होती. तिच्या भाषेत. आणि आजीला कळलं होतं!

“ठाऊक नाही,” आजी म्हणाली. त्याच भाषेत. तिचा तिलाच आवाज परका वाटला.

पोरगी पलंगावरून उडी मारून आली आणि आजीच्या तोंडात शब्द अजून आहेत का ते बघावं तशी तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं कोटाकडं बोट दाखवलं. “बाबा लहान असताना कसा होता?”

त्या दुपारी आजी किती बोलली! अडखळत, हातवारे करत. बाबा झाडावरून पडला ते. बाबानं बकरीला टोपी घातली ते. पोरगी खिदळली. संध्याकाळी सून आली, तर दोघी एकमेकींना चिकटलेल्या. सून दारातच बूट न काढता खाली बसली आणि रडली.

न्हाव्याला हे सांगायला आजी ऐटीत खाली गेली, तेही तिथल्या भाषेत. त्याची कात्री वाजायची थांबली.

“मावशी... हे असं बोलायला कुठं शिकलात?”

“का? चुकलं?”

“चुकलं नाही. पण ही फार जुनी धाटणी. असे हेल आता इथं कोणी काढत नाही. एकच बाई काढायची. तुमच्या शेजारच्या बिऱ्हाडातली.”

“तिच्याकडूनच शिकले. रोज पोरीला गोष्ट सांगते ती.”

न्हाव्यानं गिऱ्हाइकाच्या मानेवरून हात काढून घेतला. “ते बिऱ्हाड बंद आहे, मावशी. माझ्यादेखत त्या दारातून दोनदा प्रेत निघालं. आधी पोरीचं, मग तिचं.”

मग त्यानं सांगितलं. ती बाई दुपारपाळीला जायची. पोरीला गोष्ट सांगून निजवायची, शेगडीत कोळसे घालायची आणि बजावायची, मी हाक मारीपर्यंत दार उघडू नको. एका थंडीत खिडक्या गच्च बंद, शेगडीचा धूर कोंडला. आई आली, हाका मारत राहिली. दार उघडलं नाही. पुढं ती एकटीच तिथं राहिली आणि रिकाम्या बिछान्याला गोष्ट सांगत राहिली, मरेपर्यंत.

आजी जिना कशी चढली तिलाच ठाऊक. कोणाला आपण इतके दिवस हुंकार देत होतो? ती बिचारी काय समजून बसली असेल? आपली पोर जागी आहे, ऐकतेय...

वर आली तर पलंग रिकामा.

नात बाहेर होती. शेजारच्या बंद दारापुढं, अनवाणी, दाराला कान लावून. कडीवर धूळ साचलेली होती आणि धुळीवर तिची बोटं.

“ती बोलावतेय,” पोरगी कुजबुजली. “म्हणते, मी आलेय... उघड...”

आजीनं तिला उचललं, घरात आणलं, छातीशी धरून भिंतीपाशी बसली. पळून जाता आलं असतं. पण कुठं? आणि भिंतीपलीकडं जी होती तिच्याशी आजीचं काही नातं नव्हतं असंही नाही.

पोर मांडीवर निजली. खिडकीत उजेड मळकट झाला. कोळशाचा वास आला. ह्या घरात कोळसा कोणी पेटवत नव्हतं.

“...आई दाराशी आली,” भिंत म्हणाली. “हाक मारली...”

मग ती थांबली. वाट बघत.

आजीनं हुंकार दिला नाही. तिनं गोष्टच हातात घेतली, त्याच भाषेत, त्याच जुन्या हेलांत, कारण तिला तेवढेच येत होते.

“पोरीनं हाक ऐकली नाही गं. तिला झोप लागली होती. शेगडी ऊबदार होती, अंगावर पांघरूण होतं. ती घाबरली नाही, कण्हली नाही. ती रुसली नव्हती, बाई. आईनं सांगितलं तसं शहाण्यासारखं दार लावून निजली. झोपेतच गेली...”

पलीकडं काहीच नाही. मग, अगदी हळू, बाईच्या आवाजात,

“हं...”

आजीनं नातीला आणखी घट्ट धरलं. पण गोष्ट अर्धी सोडायची नसते.

“माझाही एक होता. तोही असाच निजला. मी त्याच्या दाराशीसुद्धा नव्हते. तुला हाक तरी मारता आली...”

“हं...”

आजीनं मग सगळं सांगितलं. झाड, बकरी, बोटीनं गेला तो दिवस, उरलेला कोट. आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या भिंतीला सांगितलं. एकच गोष्ट ठेवून घेतली. मुलगा हुंकार कसा द्यायचा, ते नाही सांगितलं. ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, नातीलाही नाही. ते तिचं एकटीचं होतं.

“संपली गोष्ट,” ती शेवटी म्हणाली. “जा आता. दार उघडंच आहे.”

शेजारची कडी आतून वाजली. जिन्यावरून पावलं उतरली. एक मोठं, सावकाश. आणि त्याच्यामागं, गाठायला धावणारं एक लहान.

त्यानंतर भिंतीतून ती गोष्ट कधी आली नाही.

थंडी सरली. सुनेची बहीण रिकामी पेटी घेऊन आली आणि रिकामीच घेऊन गेली. पोरगी आजीच्या पदराला अशी लटकली की सोडवायला चार माणसं लागली असती. आता आजी पोरीला घेऊन डॉक्टरकडं जाते, औषध कडू असलं तर डॉक्टरला चार शब्द ऐकवते. सून सासूशी कडकडून भांडते, मग दोघी हसतात. घर नांदतं झालं. जसे त्या घराचे दिवस फिरले तसे सगळ्यांचे फिरोत.

दुपारी आजी नातीला आता आपल्या भाषेत गोष्ट सांगते. पोरगी आडवी पडून ऐकते. कळलं तर कळलं, नाही तर नाही. हुंकार द्यायला मात्र तिला शिकवलंय, एकदाच, नीट, ‘हं’.

परवा अशीच गोष्ट रंगली होती. आजी ऐन मोक्याच्या जागी थांबली. मांडीवर बघितलं, तर पोर गाढ झोपलेली. रीतीप्रमाणं तिनं गोष्ट मिटायला घेतली.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. जोडून, उतावळा.

‘हं-हं.’

शेजारणीला आपली भाषा येत नव्हती.

आजीनं वर बघितलं. खुंटीवरचा कोट हलत होता, खिडक्या बंद असूनही. मग तिनं मांडीवरच्या पोरीचे कान हलकेच तळव्यांनी झाकले आणि गोष्ट पुढं न्यायला लागली.

गोष्ट संपली की ऐकणारं निघून जातं, हे तिनं त्याच भिंतीशी बघितलंय. म्हणून ती गोष्ट तिनं अजून संपवलेली नाही.