शुक्रवारी जागा, शनिवारी परीक्षा

आमची पहिली भेट टेबलाखाली झाली. तीही डोक्यावर डोकं आपटून!

इस्पितळाचं नेटवर्क सकाळी दहालाच आडवं झालं होतं. तपासण्यांचे रिपोर्ट वॉर्डात पोहोचेनात, डॉक्टर तापलेले, आणि मी पडले डिप्लोमावाली कंत्राटी टेक्निशियन, त्यामुळे सगळ्यांची बोटं माझ्याकडे. एका वायरीचा संशय आला म्हणून मी ती धरून रांगत निघाले. पलीकडून कुणीतरी तीच वायर धरून रांगत येत होतं... आणि टक्‌!

"आई गं!"

"सॉरी, सॉरी! लागलं का?" कपाळ चोळत तो म्हणाला. कपाळ स्वतःचंच चोळत होता, माझं नाही. डोळे मात्र... छान होते. खोटं कशाला बोलू?

तो त्याच दिवशी रुजू झालेला इंजिनियर. एम.टेक., वर सुवर्णपदक. आम्ही दोघांनी वर पाहिलं, तर वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यात, खोचलेली! झाडलोट करणाऱ्या मावशी निवांत म्हणाल्या, "सुटी लोंबत होती गं. मोकळं भोक दिसलं, दिली खोचून. चुकलं का?"

मी टोक उपसलं आणि मिनिटभरात रिपोर्ट धावू लागले.

"मी चाळीस वायरी तपासत इथवर आलो," तो म्हणाला. "तुम्ही थेट हीच कशी धरलीत?"

"बाकीच्यांवर धूळ होती. हिच्यावर नव्हती."

मग मी विचारलं, एवढ्याशा वायरीनं अख्खं इस्पितळ का बंद पडावं? त्यानं तिथेच फरशीवर बसून सांगितलं. निरोप गोल गोल फिरत राहतो, फेरीगणिक वाढत जातो, शेवटी खऱ्या निरोपाला वाटच उरत नाही. "चाळीतल्या भानगडीसारखं," मी म्हटलं, आणि तो असा हसला की मी पुढचा प्रश्नच विसरले.

त्या दिवसापासून तो माझा 'मास्तर'. माझ्या खिशात सदा वायरीची पक्कड, म्हणून मी 'पक्कडबाई'.

दोन महिने जेवणाच्या सुट्टीत तो मला पुस्तकातलं शिकवायचा आणि मी त्याला हातातलं. वायरीतल्या रंगीत तारा क्रमानं लावताना त्याची बोटं गोंधळायची... माझा हात मदतीला जायचा... आणि मग दोघांचेही रंग चुकायचे.

आणि नेमका तेव्हाच पेच पडला. परगावी इंजिनियरिंगच्या डिग्रीला, थेट दुसऱ्या वर्षात, माझा नंबर लागला. इकडे विभागप्रमुखांनी सांगितलं, "कायमची जागा निघतेय. डिग्री नाही तर नेटवर्किंगचं सर्टिफिकेट, दोन्हींतलं एक हवं." कॉलेजातली जागा शुक्रवारपर्यंत पक्की करायची आणि सर्टिफिकेटची परीक्षा शनिवारी. म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी! नापास झाले तर दोन्हीकडून गेले.

मी मास्तरला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "डिग्री घ्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढी अडचण होतेय माझी?"

"तसं नाही हो—"

पण मी उठले होते. आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी माझा मीच निर्णय घेतला. पुस्तक मला हवं होतं, पण पक्कड खाली ठेवून नको होतं. चालत्या इस्पितळात, पलीकडे कुणीतरी रिपोर्टची वाट बघत असताना, मला शिकायचं होतं. तसं बाबांना सांगितलं. बाबा निवृत्त मुख्याध्यापक.

"डिग्री सोडून एका चिटोऱ्यासाठी?"

"बाबा, ते चिटोरं तीन वर्षांनी संपतं. परत परीक्षा द्यावी लागते."

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे... जन्मभर अभ्यास?"

"जन्मभर."

"हे आधी नाही का सांगायचं!" मुख्याध्यापक खूश. "जा, लवकर झोप. उद्या पेपर आहे."

शनिवारी शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. उत्तीर्ण! मी भर हॉलमध्ये टाळी वाजवली. पर्यवेक्षिका दटावायला आल्या आणि माझा चेहरा बघून स्वतःच हसल्या. घरी बाबांनी निकालाचा कागद तीनदा वाचला आणि काकांना फोन लावला, "आमची पोरगी अख्खं इस्पितळ चालवते, माहितीये?"

सोमवारी विभागप्रमुखांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "कायमची जागा हिचीच, आणि वॉर्डांचं नेटवर्क आजपासून हिच्याकडे. इंजिनियरसाहेब, या कामात तुम्ही हिच्या हाताखाली." सगळ्यात जोरात टाळ्या कोणाच्या असतील? मास्तरच्याच.

सर्व्हरच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी त्याला गाठलं. "डिग्री घ्या म्हणालात. का?"

पंखे घरघरत होते.

"कारण... तू इथे राहावीस असं मला फार वाटत होतं. म्हटलं, मतलबाचा सल्ला द्यायचा नाही. म्हणून उलटा दिला."

तू! त्याच्याही लक्षात आलं असावं, कान लाल झाले.

"मग आता मतलबाचा द्या."

"नको. आता तुम्ही साहेब."

"साहेबांचा हुकूम आहे!"

त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. "लग्न कर माझ्याशी." आणि लगेच घाईघाईनं, "म्हणजे... विचार करायला वेळ हवा असेल तर—"

"वेळ कशाला?" मी त्याचा हात घट्ट धरला. "या पेपरचा अभ्यास माझा कधीच झालाय."