घोड्याच्या फलकामागची शाळा

टॅलो फेरी गावाचा इतिहास सांगणाऱ्या रस्त्याकडेच्या फलकांना दरवर्षी रंग द्यायचं काम व्हर्नेलकडे होतं. ओतीव पाटी, तिच्यावर उठावाची अक्षरं. आधी सगळीकडे चंदेरी रंग, मग वरून काळा रोलर फिरवला की अक्षरं तेवढी काळी व्हायची. अकरा फलकांपैकी तीन गावच्या एका जुन्या कर्नलचेच होते: तो कुठे जन्मला, कुठे जेवला आणि कुठे त्याचा घोडा मेला. ज्या शाळेत गावातली काळी मुलं शिकली आणि जी कुणीतरी जाळली, तिच्याबद्दल मात्र कुठे अवाक्षर नव्हतं.

"शाळा नक्की कुठे होती ते दाखवा," इतिहास समितीचे मिस्टर क्लेबोर्न म्हणाले. "ऐकीव गोष्टींवर फलक लागत नाही."

"घोड्याला मरताना कुणी पाहिलं होतं?" व्हर्नेलने विचारलं. ते नुसते हसले.

त्या शाळेतलं एकच माणूस उरलं होतं, सत्त्याण्णव वर्षांची लुडी मे, सगळ्यांची लुडी आत्या. तिला विहीर आठवायची, घंटा आठवायची; पण तिकडे आता मैलभर पाइनची लागवड झाली होती. "मी असेपर्यंत फलक लाव गं बाई," एवढंच ती व्हर्नेलला म्हणायची.

मार्चमध्ये लाकडाच्या ट्रकने घोड्याचा फलक पाडला. व्हर्नेलने घाईत तो उलटाच उभा केला आणि कोरी बाजू रस्त्याकडे आली. सावकाश फिरवू, म्हणून तिने त्या बाजूला चंदेरी हात मारून ठेवला. सकाळी पाहते तर रंगाला फोड आलेले. सवयीने तिने काळा रोलर फिरवला, तशी अक्षरं उमटली.

इथून दक्षिणेला नव्वद पावलं.

कुठली तरी जुनी पाटी उलटून वापरली असेल, असं तिने स्वतःला बजावलं. दुसऱ्या सकाळी खाली आणखी एक ओळ होती.

सपाट दगडाखाली विहीर. घंटा आम्हीच लपवली.

तिने नव्वद पावलं मोजली, तर नुसतं झुडूप लागलं. ती परत आली आणि यावेळी सात वर्षांच्या पोरीसारखी छोटी पावलं टाकत गेली. नव्वदावं पाऊल दगडावर पडलं.

विहिरीतून घंटा वर ओढताना दोराला मिस्टर क्लेबोर्नही होते. घंटेवर शाळेचं नाव होतं. त्यांनी टोपी काढली.

नवा फलक ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला. समारंभ वीस तारखेला ठरला. अकरा तारखेला व्हर्नेल घोड्याचा फलक सरळ करायला गेली. जुन्या दोन्ही ओळी गेल्या होत्या. पाटी गुळगुळीत होती, फक्त मधोमध काहीतरी हाताला लागलं. तिने रोलर फिरवला.

लुडी मे. १४ ऑक्टोबरला शाळेत परत आली.

तिने तिथूनच फोन लावला. "समारंभ तेराला घ्या."

"अहो, पण पाहुण्यांना वीस तारीख—"

"तेराला घ्या, मिस्टर क्लेबोर्न. पाया पडते तुमच्या."

ती ओळ तिने कुणालाच सांगितली नाही.

तेराला दुपारी लख्ख ऊन होतं. चाकांच्या खुर्चीत बसून आत्याने नव्या फलकाचं एकेक अक्षर बोटाने वाचलं आणि खुदकन हसली. इतकी आनंदात व्हर्नेलने तिला कधी पाहिली नव्हती.

मग आत्याने तिला खाली वाकायला लावलं.

"उद्या लवकर उठव हं," ती कानाशी म्हणाली. "वेण्या घालायच्यात. घंटा आठला होते."